धूळवाफ

फलोदी,
१८ जून १९७८

मालू,

पत्राची पहिली ओळ मोकळी सोडली आहे. आईला लिहितो तेव्हा त्या जागी 'सप्रेम जयभीम' असतं. तुझ्या घरी पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, म्हणून तुला लिहिताना तिथं काहीच लिहीत नाही.

फलोदी कुठं आहे म्हणून विचारलं होतंस. नकाशावर जोधपूर आणि जेसलमेर यांच्या मधोमध बोट ठेव. जिथं काहीच दिसणार नाही तेच फलोदी. हवामान खात्याच्या वेधशाळेत आम्ही चौघं. ठरल्या वेळी वारा, तापमान लिहायचं, सकाळी फुगा सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून त्याच्यामागं जायचं. बेळगावच्या कॉलेजात आपण दोघांनी प्रयोगाच्या एका टेबलावर तीन वर्षं काढली. तू गुंजीहून पॅसेंजरनं यायचीस, मी निपाणीचा, हॉस्टेलवर राहायचो. तेव्हा माझा आकडा चुकला की तू खोडायचीस. आता माझी वही कुणी खोडत नाही.

सात तारखेला आंधी आली. पश्चिमेकडून तांबडी भिंत उठली आणि भर दुपारी दिवा लावून वायुभारमापक वाचावा लागला. जेवणात वाळू, अंथरुणात वाळू. पुढं दोन दिवस आभाळ पिवळं.

आता कामाचं. गेल्या वर्षी १० जूनला अशीच आंधी आली होती. तुझं त्या वेळचं पत्र काल परत काढलं. त्यात तू लिहिलं आहेस, 'वीस तारखेपासून पाऊस असा लागलाय की शाळा सोडून द्यावी लागली.' दहा दिवस! आमच्या माथूरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ही धूळ वर चढते, अरबस्तानातली धूळ समुद्रावर येऊन तिला मिळते. धूळ ऊन पिते, वरची हवा तापून उचलली जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची ओली हवा ओढली जाते. म्हणजे धूळ पावसाला बोलावते. मी खूश झालो, तेवढ्यात म्हणाले, "उलटंही म्हणणारे आहेत. धुळीची सावली पडली की जमीन थंड राहते, आणि थंड जमीन समुद्राची हवा ओढत नाही." खरं काय ते त्यांनाही ठाऊक नाही.

तुझ्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे, रोज सकाळी तूच मोजतेस. तारखेवार आकडे पाठव. मी इकडची धूळ लिहीन. आपल्याला पत्र लिहायला कारण होईल. कारण नसलं की मला एकच गोष्ट लिहावीशी वाटते, आणि तिचं उत्तर तू देऊन टाकलं आहेस : धाकट्या अंबूचं लग्न होईपर्यंत थांब.

तुझा,
देवाप्पा


गुंजी,
९ जुलै १९७८

देवा,

पोस्टमन रवळूनं तुझं पत्र शाळेत न देता घरी आणून दिलं. आप्पा सोप्यात बसले होते. त्यांना वाचता येत नाही, पण विचारता येतं.

"कुणाचं गं?"

"हवामान खात्याचं. राजस्थानातनं."

"मग वाच की मोठ्यानं. सरकारी कागद तोंडातल्या तोंडात कशाला वाचतीस?"

वाचलं. आंधी वाचली, माथूरसाहेब वाचले, बाकीचं गाळलं. गाळताना अडखळत होते, तर म्हणाले, "अक्षर वंगाळ दिसतंय त्याचं." तुझ्या अक्षराला कुणी असं म्हणावं आणि मी गप्प बसावं! रागावू नकोस.

ऐकून झाल्यावर आप्पांनी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, "धुरळ्यानं पाऊस येतोय म्हंतोय व्हय त्यो? आमची बी धूळवाफच की."

तू तंबाखूच्या मुलखातला, तुला कळणार नाही. आमच्याकडं पावसाआधी कोरड्या, धुरळा झालेल्या मातीत भात पेरतात, त्याला धूळवाफ म्हणतात. बी धुळीत पडून पावसाची वाट बघतं. पाऊस वेळेवर लागला तर पीक. नुसती सर येऊन गेली तर बी फुटतं आणि उन्हानं जळतं. मे महिना सरत आला की पेरू का थांबू, हाच एक घोर आप्पांना असतो.

हे घे आकडे. १५ जून : ४ मिलिमीटर. १६ : ३८. १७ : ९१. १८ : ११२. तुझ्या आंधीनंतर आठव्या दिवसापासून. पुढचे मागच्या पानावर आहेत. कचेरीच्या कन्नड फॉर्मवर भरते त्याच आकड्यांची ही नक्कल, पण ही मी हळूहळू लिहिली.

दुसऱ्या गोष्टीचं. अंबू चौदाची आहे. थोरलीनं जातीबाहेर लग्न केलं तर धाकटीला आमच्या भावकीत कुणी सून म्हणून घेणार नाही. आई गेल्यापासून तिची वेणी मी घातली आहे. तिचं वाटोळं करून मी तुझ्याजवळ येऊन काय करू? चार वर्षं, फार तर पाच. मला काय सोपं जातंय असं समजू नकोस.

मालू


फलोदी,
४ जून १९७९

मालू,

एक तारखेला आंधी उठली. आप्पांना सांग, पण हेही सांग की माझ्या शब्दावर पेरू नका. दोन वर्षं जमलं म्हणजे तिसऱ्यांदा जमेल असं नाही.

यंदा मोठमोठे शास्त्रज्ञ विमानं आणि जहाजं घेऊन अरबी समुद्रावर मान्सून मोजायला निघालेत. त्यांच्यातला एक तरुण माणूस कामानिमित्त इथं येऊन गेला. त्याला आपली वही दाखवली. डावीकडं फलोदीची धूळ, उजवीकडं गुंजीचा पाऊस. त्यानं नीट बघितली, हसला नाही. म्हणाला, "दोन गावं आणि दोन वर्षं म्हणजे योगायोग. दहा वर्षं भर, मग बोलू." दहा वर्षं! त्याला काय ठाऊक उजवीकडचं पान कोण लिहितं ते.

बेळगावला सांबऱ्याच्या विमानतळावर बदली मागितली होती. जागा रिकामी नाही असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी परत मागेन.

सकाळी फुगा सोडतो तेव्हा खालचा वारा नैऋत्येचा असतो, तुझ्या बाजूनं येणारा. फुगा उलटीकडं जातो. बराच वर गेला की वारा फिरतो आणि तो दक्षिणेकडं वळतो. पण तोवर तो टिकलीएवढा झालेला असतो. तेवढी टिकली दिसते तोवर मी दुर्बीण सोडत नाही.

देवाप्पा


गुंजी,
२८ जून १९७९

देवा,

'पेरू नका' हे मी तीनदा वाचलं. आप्पा म्हणाले, "पेरू नका म्हणणारा माणूस इस्वासाचा असतोय," आणि दुसऱ्या दिवशी पेरलं! बाराला पाऊस लागला, चांगला लागला. आमच्या भावकीतले भावकूकाका मागं राहिले, त्यांना चिखलात हाल काढावे लागले. आता आप्पा तुला 'आमचा फलोदीचा माणूस' म्हणतात. पारावर बसून माथूरसाहेबांचं शास्त्रही सांगतात, त्यात निम्मं त्यांचं स्वतःचं असतं.

सुगी झाली की तुला तांदूळ पाठवायचा म्हणतायत. काल विचारलं, "गाव कुठलं गं त्याचं?"

"निपाणी."

"आपल्याच बाजूचा की! नाव?"

"देवाप्पा."

"आडनाव?"

"दूध उतू गेलं बघा," म्हणून मी आत गेले. चुलीवर दूध नव्हतं.

मालू


फलोदी,
२० नोव्हेंबर १९७९

मालू,

तांदळाची पिशवी पोचली. शिजायला टाकला तर वासानं पहारेकरी दारात येऊन उभा राहिला. दोघांनी पोटभर खाल्ला. पण खरं सांगू? आप्पांनी हा तांदूळ कुणासाठी पाखडून घेतला असं त्यांना वाटतंय? मी त्यांना फसवतोय. तू वाचून दाखवतेस तेव्हा तूही.

त्यांना सगळं लिहून टाकतो. नको असेल तर एका शब्दात कळव.

देवाप्पा


गुंजी,
१२ डिसेंबर १९७९

पाऊस : नोव्हेंबर ९ मिलिमीटर, डिसेंबर आजपर्यंत शून्य.

नको.

मालू


गुंजी,
८ जुलै १९८२

देवा,

हे पत्र लिहायला मी चार दिवस टाळलं.

दोन वर्षं तुझ्या तारखा बऱ्यावाईट जमल्या आणि निम्मा गाव आमच्या सोप्यात येऊन 'धुरळा उठला का?' म्हणून विचारायला लागला. यंदा तुझं कार्ड आलं, २७ मेची आंधी. आप्पांनी एक तारखेला सगळं रान पेरलं. सहाला सर आली, १४ मिलिमीटर. बी फुटलं. त्यानंतर चोवीस दिवस मी रोज सकाळी मापक उघडून कोरडं नरसाळं पुसून परत बसवत होते. ढग यायचे, काळे यायचे, आणि न पडता डोंगरापलीकडं जायचे. कोंब पिवळे पडले, मग राहिलेच नाहीत. खायला ठेवलेलं भात काढून आप्पांनी परवा पुन्हा पेरलं.

भावकूकाका पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "मारुती, तुझा धुरळा कुठं गेला रं?"

आप्पा म्हणाले, "माणूस खोटा न्हाय. वाऱ्यानं त्याला बी फशिवलं असंल."

घरी येऊन जेवले नाहीत.

अंबूला स्थळं यायला लागली आहेत. आता थोडंच राहिलंय, असं मी स्वतःला सांगते. पण आप्पांचं ते बोलणं ऐकल्यापासून मला त्यांच्यासमोर पत्र उघडायची भीती वाटते.

मालू


फलोदी,
२५ जुलै १९८२

सप्रेम जयभीम.

मालू, या वेळी पहिली ओळ मोकळी सोडली नाही.

आप्पांचं बियाणं माझ्यामुळं जळलं. 'माणूस खोटा न्हाय' हे वाचलं आणि कामावरून उठून मागच्या भिंतीशी जाऊन बसलो.

धूळ पावसाला बोलावते ही अर्धीच गोष्ट होती. यंदा ती लवकर खाली बसली नाही, अठरा दिवस आभाळ पिवळं होतं. माथूरसाहेब म्हणतात, धुळीचे बारीक कण फार झाले की ढगातलं पाणी तेवढ्या सगळ्या कणांवर वाटलं जातं. प्रत्येक थेंब इतका लहान राहतो की त्याला पडताच येत नाही. तू लिहिलेले न पडता जाणारे ढग तसलेच असतील. नसतीलही. समुद्र किती तापलाय, पलीकडचा वारा कसा आहे, अशा कितीतरी गोष्टी असतात. एका आंधीवरून गुंजीचा पाऊस सांगणारा मी कोण? मला दहा वर्षं वही भरायची होती, आणि चार वर्षांत मी आप्पांच्या रानात हात घातला. का, तर त्यांना मी आवडावा म्हणून. चूक माझी आहे, वाऱ्याची नाही.

ज्याला ते खरा माणूस म्हणतात त्याचं पूर्ण नाव त्यांना कळलं पाहिजे. देवाप्पा शिंगे. आई यल्लव्वा, तंबाखूच्या वखारीत कामाला. घर निपाणीत, भीमनगरात. त्यांच्या थोरल्या मुलीशी लग्न करायची इच्छा सहा वर्षांपासून आहे.

हे पत्र त्यांना सबंध वाचून दाखव. काही गाळू नकोस. तुझ्याच्यानं होत नसेल तर लिही, मी येऊन सांगतो.

देवाप्पा


निपाणी,
३० ऑगस्ट १९८२

चि. देवाप्पास, आईचा जयभीम आणि आशीर्वाद. कागद गुंडू मास्तर लिहितायत, मी सांगतीया.

काल ऐतवारी दुपारी एक म्हातारा दारात आला. धोतर, फेटा, काखंत छत्री, हातात पिशवी. "देवाप्पाचं घर ह्येच व्हय?" म्हणाला. मला वाटलं, तुला काय झालं का काय. त्यो म्हणाला, "घाबरू नगा. मी गुंजीचा. त्याची कागदं येत्यात आमच्याकडं."

मी बाजलं टाकलं. बसला. आपणहून म्हणाला, "पाणी द्या." लोटा घासून भरून आणला, पण पुढं करायच्या आधी थांबली. म्हटलं, "आमच्याकडचं चालंल न्हवं?" त्यो सगळा लोटा पिला, खाली ठिवला, आनि म्हणाला, "च्या बी टाका."

च्या पिताना भिंतीवरचे फोटो बघत हुता. मग इचारलं, "पोरगं खोटं बोलतंय का कधी?"

मी म्हटलं, "बोलतंय की. पगार पुरतोय, जेवण झ्याक हाय म्हणून लिवतंय, आनि सुट्टीला आलं की हाडं मोजून घ्यावीत."

म्हातारा हसला. लई दिसानं हसल्यागत हसला.

तासभर बसला, पण कशाला आलता ते काय सांगिटलं न्हाय. जाताना पिशवीतला तांदूळ सुपात वतला. उंबऱ्यात चपला घालताना पाठमोराच म्हणाला, "माझ्या पोरीचं नाव मालू. तिला आई न्हाय."

आनि गेला. मी मागनं हाक मारली तर हात हलिवला नुसता. देवाप्पा, ही मालू कोण रं? मला कधी सांगणार हुतास?


गुंजी,
१२ सप्टेंबर १९८२

देवा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी गुंजीत नव्हते. शाळेच्या प्रशिक्षणाला आयत्या वेळी बेळगावला धाडलं होतं. आप्पांनी अंबूला वाचायला सांगितलं. तिला काय ठाऊक काय गाळायचं? तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

मी आले तर अंबू रडत होती आणि आप्पा रानात होते. तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायचे, उठायचे. फक्त सकाळी शाळेच्या कुंपणाशी येऊन उभे राहायचे. मी मापकातलं पाणी मोजून आकडा सांगायची, तो ऐकून जायचे. तेवढंच आमचं बोलणं.

मग एका शनिवारी छत्री घेऊन निघाले. कुठं ते सांगितलं नाही. सोमवारी परत आले. पाणी तापवून दिलं, पाय धुतले, आणि म्हणाले, "वाऱ्याच्या माणसाचं घर बघून आलो. त्याची आई च्यात साखर लई घालती."

मी चुलीत लाकूड सारलं. मग माझ्याकडं न बघता बोलले, "अंबूचं लगीन करून देतो. मग तू जा. मी तुझ्या लग्नाला येणार न्हाय, मला ह्याच भावकीत मरायचं हाय. पण तुला आडवणार बी न्हाय."

"आप्पा, रागावलायसा?"

"रागावलो न्हाय गं. चार वरीस तू मला अर्धं अर्धं वाचून दाखवलंस, त्याचं वाईट वाटतंय."

मला आनंद झाला का, असं विचारू नकोस. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं, आणि ते देणारा माणूस माझ्याकडं न बघता उठून गोठ्यात गेला.

मालू


फलोदी,
१५ मे १९८५

ती. आप्पांना मालूचा शि. सा. नमस्कार. हे पत्र खानापूरला जाऊन अंबूकडून वाचून घ्या. तिला सांगा, जावांच्या गलबल्यात नको, बाजूला बसून वाच.

बेळगावच्या रजिस्टर कचेरीत सही करून मी इकडं आले त्याला सोळा महिने झाले. तुम्ही आला नाहीत. पण दर महिन्याला तुमचं कार्ड येतं. शाळेतल्या नव्या बाईंकडून पावसाचे आकडे उतरवून घेता आणि पाठवता. त्यात एक शब्द जास्त नसतो. '१७ जुलै : १३४' एवढंच असतं, आणि मला कौलांवरचा आवाज ऐकू येतो. १३४ म्हणजे ओढा साकवाच्या वर गेला असणार, म्हणजे तुम्ही गुरं पलीकडं नेली नसणार. असं एकेका आकड्यावर माझा सगळा दिवस जातो.

इथं गेल्या साली पाऊस बोटावर मोजण्याएवढे दिवस पडला. चार दिवसांपूर्वी आंधी येऊन गेली. इतकी वर्षं कागदावर वाचून दाखवली ती आता नाकातोंडात जाते. हे आता कुणालाच तारीख कळवत नाहीत, वही मात्र भरतात. वहीची उजवी पानं मी तुमच्या कार्डांवरून लिहिते.

यांच्या आई येऊन आठ दिवस राहून गेल्या. वाळू बघून म्हणाल्या, "वखारीतला धुरळा बरा, निदान त्याला वास तरी असतोय."

करवंदं संपली का? बांधावरचा फणस यंदा धरलाय का? एकदा तिकडं यावंसं फार वाटतं. पण तुम्हाला भावकीत राहायचं आहे, म्हणून विचारत नाही. मी बरी आहे. काळजी करू नका.

तुमची,
मालू


फलोदी,
१६ मे १९८५

ती. आप्पांना देवाप्पाचा नमस्कार.

मालूला न सांगता हे वेगळं पाकीट पाठवतो. तुम्हाला सरळ लिहायची ही पहिलीच वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

'मी बरी आहे' असं तिनं लिहिलं असेल. तिला पाचवा महिना सरत आला आहे. तुमच्यावर भार नको म्हणून तिनं ते लिहिलं नाही. अन्न जात नाही, सुकली आहे. पाच दिवसांपूर्वी आंधी उठली तेव्हा सगळ्यांनी दारं लावून घेतली आणि ही दार उघडून उभी. आत ये म्हटलं तर म्हणाली, "ही आपल्याकडं जाणारी आहे. जरा बघू दे."

मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं एवढंच. गावात तुम्हाला माझी अडचण होणार असेल तर मी तिला गुंजीच्या स्टेशनवर उतरवून त्याच फलाटावरून माघारी फिरतो. वेशीच्या आत पाऊल टाकणार नाही.

आपला,
देवाप्पा


गुंजी,
५ जून १९८५

चि. देवाप्पा आणि चि. सौ. मालू यांस मारुतीरावाचा आशीर्वाद. लिहिणार अंबू. तिला चार दिवस हिकडं आणलंय.

तुमचे दोन कागद एकाच दिशी आले. अंबूनं दोन्ही वाचले. एकातली पोरगी बरी हाय, दुसऱ्यातली न्हाय. मी दुसरा खरा धरला.

मालू, तू न इचारताच माझं उत्तर ठरवून टाकलंस. मी लग्नाला आलो न्हाय, त्याचं मला रोज सकाळी वाईट वाटतंय. आकडा उतरवून घ्यायला शाळेत जातो तवा ती नवी बाई इचारती, "आज्जा, ह्ये कुणासाठी?" मी म्हंतो, "सरकारी काम हाय." असं किती दीस सांगू?

काल भावकू आलता. म्हणाला, "मारुती, पोरीला आणणार म्हंतोस. भावकी काय म्हणंल?" मी म्हटलं, "माझं रान जळलं तवा भावकी हसली. माझी चूक झाली म्हणून लिवून कळवणारा त्यो एकलाच निघाला. माझी पोरगी माझ्या घरात बाळंत हुणार, तुझ्या घरात न्हवं." त्यो तसाच उठून गेला. गेला तर जाऊ दे. येईल.

आनि देवाप्पा, स्टेशनावरनं माघारी जातो म्हणून लिवलंस. जावई कधी फलाटावरनं माघारी जातोय व्हय रं? रजा काढून ये. पेरणी झाल्या, पण रोपं लावायला माणूस पायजे.

आता नीट ध्यान दिऊन वाच. मेल गुंजीला थांबत न्हाय. खिडकीतनं घर दिसंल, तवा पोरीला उठून दारात जाऊ दिऊ नको. गाडी लोंढ्याला बराच वेळ उभी ऱ्हाती, तिथं सावकाश उतरा. तिथनं माघारी पॅसेंजरनं मी तुमास्नी गुंजीला आणतो. तुझ्या आईला बेळगावात गाडीत घे. महिनाभर हातचं काम सोडून या म्हणून मी त्यांना निपाणीला वेगळा कागद टाकलाय, त्या व्हय म्हणाल्यात.

तवर पाऊस लागलेला असंल. मी चार इरली घिऊन लोंढ्याच्या फलाटावर उभा ऱ्हातो. तीन घरातलीच हायत. विहीणबाईंसाठी नवं विणून घेतलंय.